उघडा हात

"अगं, हातमोजे घाल! दांड्याला बोटांचा तेलकटपणा लागला, तर हाड त्याला धरायचं नाही."

खुब्यात बसवायचे टायटॅनियमचे दांडे कारखान्यात ॲसिडमध्ये खडबडीत करायला मला ह्यांनीच शिकवलं, तेही असं ओरडून. पुढे आमचं लग्न झालं, पण तो नेम मी देवाच्या नेमासारखा पाळला. ह्यांचा खुबा मोडला, तेव्हा बसवलेला दांडाही माझ्याच हातचा, तरी कधी हात न लागलेला.

"हाडानं धरलं, की रोज सकाळी नदीपर्यंत चालत जायचं, शब्द दे. आणि वाटेत तुझी जपमाळ नको, माझा हात धरायचा," ऑपरेशननंतर हे म्हणाले.

हाडानं धरलं. त्याच आठवड्यात ह्यांचं हृदय थांबलं.


आज सकाळी जपमाळ देवापुढे ठेवली, ह्यांच्या राखेत मिळालेला तो दांडा पहिल्यांदाच उघड्या हातात धरला आणि नदीच्या वाटेला लागले.