वापरात नसलेला नंबर

नव्वद दिवस वापरला नाही की मोबाइल नंबर दुसऱ्या ग्राहकाला द्यायचा, असा दूरसंचार नियामकाचा नियम. वारलेल्या मुलाचा नंबर बंद करू नये, म्हणून निवृत्त शिक्षिका कोर्टात आल्या होत्या. नियामकाचे वकील पंचवीस वर्षं याच कामात मुरलेले. "नंबर ही सार्वजनिक संपत्ती आहे," ते म्हणाले. "आठवणींना दहा आकडे लागत नाहीत." अर्ज दहा मिनिटांत फेटाळला गेला.

बाहेर व्हरांड्यात त्याच वकिलांनी बाईंना गाठलं. "अजून चार दिवस आहेत. त्या फोनवरून एक कॉल करा, पुढचे नव्वद दिवस मिळतील."

"मग हे आत सांगायला काय तोंड शिवलं होतं?"

"आत मी समोरच्या बाजूला होतो."

"बरं, पण त्याच्या फोनवरून मी करू कुणाला?"

"स्वतःलाच. आमची ही गेल्यापासून तिचा नंबर मी असाच चालू ठेवलाय. सहा वर्षं झाली."

"म्हणजे वाजला की कट करायचा?"

"नाही," बॅगेची चेन लावत वकील म्हणाले. "मिस्ड कॉल धरत नाहीत, उचलावा लागतो. नियमात ती अट मीच घातली होती."