घड्याळाची पाठ

शेजारच्या काकूंनी काका गेल्यावर त्यांचं जुनं स्विस घड्याळ विकायला काढलं, तेव्हा आमच्या घड्याळवेड्या मित्राच्या तोंडाला पाणीच सुटलं. चावी दिली की टिकटिक सुरू, डायल मूळची, काटे मूळचे. आणि पाठीवर काकांनी स्वतः दाभणाने कोरलेली वाकडीतिकडी अक्षरं, ‘आज लवकर घरी’. त्या अक्षरांवरच त्याचा जीव जडला. पण खिसा बेताचा आणि घासाघीस अंगवळणी पडलेली. त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि उगाच तोंड वाकडं केलं.

“घड्याळ चांगलंय हो काकू, पण मागचे हे ओरखडे... यांनी भाव पार निम्म्यावर येतो.”

“बरं, उद्या सांगते,” म्हणत काकूंनी घड्याळ आत नेलं.

त्या दिवशी त्याला घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी पुरते पैसे घेऊन, आपण खोटं बोललो हे कबूल करायचंच असं ठरवून तो काकूंच्या दारात उभा राहिला. तोंड उघडायच्या आत काकूंनी घड्याळ पुढे केलं.

“घासून, पॉलिश करून आणलं बघ. एक ओरखडा ठेवला नाही. आता येईल ना रे पुरता भाव?”



विचारताना काकूंचा अंगठा त्या लख्ख पाठीवर अक्षरं चाचपत होता.