बाविसाव्या गुरुवारची चाचणी

“काका, मनात येईल ते मोठ्याने बोला. आणि माझ्याकडे बघू नका.”

गार्गी मागच्या खुर्चीत वही उघडून बसली. विद्याधररावांनी चष्मा पुसला, जुन्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला आणि बाविसाव्यांदा बटण दाबलं.

काम तसं सोपं होतं. पवईतली एक कंपनी मराठीतून चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम काढत होती. ती लॅपटॉपवर चढवून देणारा इन्स्टॉलर साठीपुढच्या माणसाला एकट्याने जमायला हवा. मागे बसलेल्या मुलीने मदत करायची नाही, माणूस कुठे अडतो तेवढं टिपायचं. त्याने एक प्रश्न जरी विचारला, तरी नापास. बोरीवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघातून पाच जणांनी नावं दिली होती. चार पास होऊन सुटले. विद्याधरराव राहिले.

ज्या माणसाने अडतीस वर्षं कोर्टात लोकांचे अर्ज तपासून परत पाठवले, त्याने एकवीस वेळा नापास व्हावं, हे जरा अतीच होतं. पण दोष एकट्या त्यांचा नव्हता. दर गुरुवारी गार्गी इन्स्टॉलर सुधारून आणायची आणि तो सुधारून जास्तच बिघडलेला असायचा. एकदा ‘पुढे’चं बटण वर डावीकडे जाऊन बसलं. एकदा त्याने सात शब्दांचा पासवर्ड मागितला.

“अगं, मागच्या आठवड्यातलं बरं होतं,” ते सांगायचे.

“लिहून घेतलं, काका,” म्हणत ती वहीवर वाकायची.

पोरगी गोड, पण कामात कच्ची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि कच्च्या पोरीला वरिष्ठ बोलणारच. “तुम्ही न विचारता पूर्ण केलंत की माझं काम पार पडेल,” असं ती पहिल्या महिन्यातच म्हणाली होती. म्हणजे तिची नोकरी आपल्या बोटाशी अडकलेली.

फक्त एकच अडचण होती. नापास झाल्यावर गार्गी जेवायला थांबायची. वालाचं बिरडं दोनदा वाढून घ्यायची. पत्नी वनमालाबाई गेल्याला चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून गार्गीखेरीज त्या घरात कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं. बुधवारी वाल सोलताना विद्याधरराव गुणगुणायचे. शुक्रवारी मात्र उरलेलं गरम करून, रेडिओ मोठा लावून खायचे. पास झालो की गुरुवार संपले, हा हिशेब त्यांना न कळण्यासारखा नव्हता. गेले दोन आठवडे शेवटच्या पडद्यावर पोचून त्यांनी मुद्दाम मागे वळून विचारलं होतं, “हे बरोबर ना गं?”

मग रात्रभर लाज वाटली. आपल्याला सोबत हवी म्हणून पोरीच्या पोटावर पाय?

आज तसं करायचं नव्हतं.

“घड्याळ कुठल्या शहराचं, विचारतोय,” ते बोलू लागले. “यादीत मुंबई नाहीच. कोलकाता आहे. वा! बोरीवलीत किती वाजले, ते आता कोलकात्याला विचारायचं!”

मागून हसू फुटलं आणि दाबलं गेलं.

“हसू नकोस. नियमात बसत नाही.”

“सॉरी, काका.”

“मराठी कीबोर्डचे अकरा प्रकार! साखरपुड्याच्या साड्या दाखवतोय का हा?”

पुढे डिस्कचे भाग पाडायचे होते. विद्याधररावांनी मजकूर तीनदा वाचला, कपाळ पुसलं. ‘सर्व तयार आहे’ असा पडदा आला, तेव्हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला आणि बटण दाबलं.

निळी पट्टी भरत गेली. ‘स्वागत’ उमटलं.

“झालं! न विचारता! झालीस बघ मोकळी!”

“झकास, काका.” गार्गीने वही मिटली. “म्हणजे आता यायचं काही कारण नाही.”

“काम संपल्यावर कशाला येशील? बिरडं तरी खाऊन जा.”

“आज नको. भूक नाही.”

लिफ्टचं दार लागलं. विद्याधररावांनी तिचं ताट फळीवर परत ठेवलं. एवढं चांगलं काम केलं होतं, तरी घास उतरत नव्हता.

शुक्रवारी सकाळी त्यांना वाटलं, निदान पोरीच्या वरिष्ठांच्या कानावर चार चांगले शब्द घालावेत. पहिल्या दिवशी सही केलेल्या कागदावर पवईच्या ऑफिसचा नंबर होता. फोन सिद्धेश नावाच्या तिच्या साहेबाने घेतला.

“गार्गीचं कौतुक करायला फोन केला,” विद्याधरराव म्हणाले. “काल इन्स्टॉलरची चाचणी पार पडली. उशीर झाला तो माझ्यामुळे. तिला बोलू नका.”

“कुठला इन्स्टॉलर?” सिद्धेश गोंधळला. “आमचा तर दिवाळीतच बाहेर पडला, सर. तीन पडदे, दोन प्रश्न. लोक जाम खूश आहेत. सगळं गार्गीचंच काम. तिच्याइतकं पक्कं इथे कुणी नाही.”

“मग काल ती...”

“काल गुरुवार ना? गुरुवारी ती अर्धी रजा टाकते. बोरीवलीला तिचे वडील एकटेच असतात, त्यांच्याकडे जेवायला जाते. तुम्ही कोण बोलताय?”