वैशाखातला ओढा

नव्या सुनेला पाणवठ्याच्या पूजेला घेऊन निघालेल्या बायका सवयीने नळाकडे वळल्या.

"तिकडे कुठे निघालात? ओढ्यावर चला," सासू द्वारकाबाई गरजल्या.

त्या स्वतः नवरी होऊन आल्या तेव्हा वैशाखात ओढ्यात नुसते धोंडे होते. त्यांनी हळदकुंकू वाहिलं ते टँकरच्या तोटीला. ते मनाला लागलं. पुढे बायका गोळा करून त्यांनी वरच्या डोंगरावर चर खणले, कुऱ्हाडवाल्यांशी भांडून झाडं राखली.

आज भर वैशाखात ओढ्याला घोटाभर पाणी होतं. सून वाकली आणि दचकून मागे सरली.

"आत्याबाई, खेकडा!"

"असू दे गं. पाणी टिकलं म्हणून आलाय."

पूजा आटोपून बायका उठल्या. द्वारकाबाई मात्र डोक्यावर पदर घेऊन पाण्याशी बसल्या.

"आण ते ताट. माझी पूजा अजून व्हायचीय."