मुठीची ऊब

"झाकण उघडू नका!"

तंत्रज्ञ ओरडला तसा सिस्टरचा हात डबीवरच थबकला. लसींच्या फ्रिजमधून तिने ती नुकती बाहेर काढली होती. काडेपेटीएवढी डबी, आत नाण्यासारखा चपटा सेल. दर पाच मिनिटांनी फ्रिजचं तापमान मोजायचं, लक्षात ठेवायचं आणि सेल जास्त दिवस टिकावा म्हणून दिवसातून दोनदाच संगणकाला कळवायचं, एवढंच या डबीचं काम. काल सकाळनंतर मात्र डबीने तोंड उघडलं नव्हतं.

"झाकण उघडलं की सेल सुटतो, आणि सेल सुटला की सगळी आठवण पुसली जाते," तो म्हणाला.

"पण महिन्यापूर्वी तुम्हीच तपासलात ना? ठणठणीत आहे म्हणालात."

"मीटरवर तीन व्होल्ट होते." त्याची मान खाली गेली. "टेबलावर तपासला मी. गारठ्यात हा नुसता बसून असतो तोवर ठीक. निरोप पाठवायला जोर लावला की मटकन बसतो. कळायला हवं होतं मला."

उबेत बसून थंडीची परीक्षा घेणारे महाभाग प्रत्येक खात्यात असतात. हा निदान कबूल तरी करत होता.

बाहेर बाकांवर आया मुलांना घेऊन बसल्या होत्या. फ्रिजच्या दारावरचा काटा चार अंशांवर होता, म्हणजे दोन ते आठच्या मध्ये, अगदी हवा तिथे. डॉक्टर मघाशीच सांगून गेले होते, "अर्धा तास वाट बघू. आकडे मिळाले तर बघू, नाहीतर काटा चारवर आहे, टोचायला घ्या."

त्यातली दहा मिनिटं गेली होती.

काटा आत्ता चारवर होता. काल दुपारी कुठे होता, ते कोणालाच माहीत नव्हतं. दार बोटभर उघडं राहिलेलं मात्र सिस्टरने पाहिलं होतं. नवे खोके आत लावताना बाहेर एका मुलाला झटका आला, ती दार कोपराने ढकलून धावली. परत आली तेव्हा फट दिसली. तिने दार लावलं आणि तोंडही. तिच्या नावाचा एक मेमो आधीच कपाटात होता. दुसऱ्यानंतर थेट घरी, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"एकच उपाय आहे," तंत्रज्ञ म्हणाला. "ऊब मिळाली की सेल थोडा जोर धरतो. मग संगणकावरचं बटण दाबायचं, एकदाच. मध्येच दम सुटला तर आठवणही गेली. माझे हात बघा, गार पडलेत. तुम्ही धराल? पंधरा मिनिटं तरी."

तिने डबी हातात घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची. मूठ जरा सैल धरली असती तर कोणाला कळणार होतं? सेल गेला, एवढंच झालं असतं. बिचारा तंत्रज्ञ बोलणी खाऊन मोकळा.

बाहेर एक तान्हं रडायला लागलं. तिने मूठ गच्च आवळली, वर दुसरा तळवा दाबला आणि दोन्ही हात पोटाशी धरले. तिला भयंकर भीती वाटत होती.

"दाबू?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं. त्याचं बोट संगणकाच्या बटणावरच होतं.

"थांबा. अजून गार लागतंय."

दारात डॉक्टरांची चाहूल लागली. "झालं का? लोक खोळंबलेत."

"आता दाबा," ती म्हणाली.

संगणकाचा पडदा क्षणभर कोराच राहिला. मग आकडे उतरू लागले. चार. चार. सहा. नऊ. तेरा. चौदा. चौदा. चौदा. एकाखाली एक चौदाच येत राहिले. मग हळूहळू पुन्हा चार.

"तासाच्या वर," तंत्रज्ञ पुटपुटला. "कोणीतरी दार..."

"कोणीतरी नाही, मी." आवाज तिला वाटलं होतं तितका कापला नाही. "डॉक्टर, यातली एकही लस द्यायची नाही. मी बाहेर सांगून येते."

पडद्यावर आणखी तीन आकडे उमटले आणि डबी कायमची गप्प झाली. एकोणीस. अठ्ठावीस. तेहतीस.

"हे शेवटचे तुमच्या मुठीचे," तंत्रज्ञ हळूच म्हणाला. "अहवालातून काढून टाकू?"

ती दारापाशी थांबली.

"राहू द्या. तेही माझेच आहेत."