तीस दाब, दोन श्वास

दुष्काळात सोसायटीच्या चारा छावणीत डॉक्टरीणबाई शिकवून गेल्या, "मोठ्याची छाती दोन्ही हातांनी दाबायची, लेकराची एका हातानं, तान्ह्याची दोन बोटांनी. तीस दाब, दोन श्वास." शेण उचलणारी कडूबाई मांडवाबाहेरून ऐकत होती.

दुपारी संचालकांना प्रमाणपत्रं वाटता वाटता चेअरमन उत्तरेश्वरतात्याच कोसळले. अकरा संचालक प्रमाणपत्रांनी वारा घालू लागले. कडूबाईनं पाटी टाकली, छाती दाबली, तोंडाला तोंड लावून श्वास दिला.

तात्यांनी डोळे उघडले. राखणदार आसाराम म्हणाला, "तात्या, कडूबाईनं तोंडानं श्वास दिला म्हनून तुमी वाचलात!"

तात्या पुटपुटले, "पानी..."

चार दिवस टँकर आला नव्हता. आसारामनं पिंपाच्या तळातलं शेवटचं पाणी तांब्यात भरून आणलं.



तात्यांनी तांब्याभर चुळा भरल्या.