हबीबची पारख

सागाच्या ओंडक्यांमध्ये जागा करून वखारीच्या आवारात पारखून एक विकत घेण्यासाठी दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या केल्या होत्या, आणि हबीब ड्रायव्हर त्यांतल्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांमागे उताणा पडला होता. दुसरी, नवी कूपे, त्याने सकाळी त्र्यंबक रस्त्यावर आठ मैल चालवून पाहिली होती. तिच्यात खोट नव्हती. जागाही दोनच होत्या : एक मालकांची, सावळीरामशेठची, दुसरी त्यांच्या पत्नी चतुराबाईंची. शेठ दिवाळीपासून हलकी गाडी स्वतः चालवू लागले होते. जुनी मात्र एका संस्थानिकाकडून आलेली, सहा सिलिंडरांची, शर्यतीत ताशी ऐंशी मैल धावलेली. तिचा क्लच दाबायला शेठचा गुडघा पुरत नव्हता. तिला ड्रायव्हर लागणारच होता.

म्हणजे एका गाडीत हबीबची नोकरी होती आणि दुसरीत नव्हती. आवारातल्या हमालांनाही हे ठाऊक होते.

स्टेअरिंगच्या हुकमाने चाके वळवणारी जी लोखंडी दांडी असते, तिला त्याने रॉकेल चोळले, कोरड्या बोळ्याने ते निपटून पुसले आणि वर खडूची पूड भुरभुरवली. मनमाडच्या रेल्वे शेडमध्ये, कपातीत नाव लागेपर्यंत, तो इंजिनांचे आस असेच तपासत असे. लोखंड अखंड असेल तर खडू पांढरा राहतो; चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर झिरपते. तो मनात आकडे मोजू लागला. साठाच्या सुमारास दांडीच्या मुळाशी केसाएवढी करडी रेघ उमटली. नव्वदाला ती दांडीभोवती अर्धी फिरली होती.

रेघ दुसऱ्या कुणी पाहिली नव्हती. बोळा हातातच होता. त्याने आणखी शंभर मोजले आणि मग हाक मारली, "शेठ, जरा वाकून बघता का?"

सावळीरामशेठ पेठच्या जंगलाचे ठेकेदार. उभे झाड आतून भरीव आहे की पोकळ, हे ते कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून सांगत आणि सहसा चुकत नसत. ते वाकले. त्यांच्यामागे जुन्या गाडीचा दलाल वाल्मीकही वाकला.

"ही चीर," हबीब म्हणाला. "आज तुटेल की सहा महिन्यांनी, ते मला सांगता यायचं नाही. पण तुटणार. कसाऱ्याच्या वळणावर तुटली, तर स्टेअरिंग माझ्या हातात आणि चाकं आपल्या मर्जीची. नवी घ्या, शेठ."

शेठनी पाना उचलला, दांडीवर ठोका दिला आणि कान लावला. "खणखणीत वाजती की."

"लाकूड नाही ते, शेठ."

वाल्मीकने खिशातून रुमाल काढून दांडी पुसली. खडू गेला, त्याच्याबरोबर रेघही गेली. "दाखव आता. कुठंय चीर?"

"पुन्हा खडू टाकतो. पुन्हा येईल."

"तू टाकल्यावर येईलच," वाल्मीक म्हणाला. ओंडक्यांवर बसलेले हमाल हसले.

शेठ हसले नाहीत. "नव्या गाडीत तू कुठं बसणार?"

"कुठंच नाही."

"तरी नवी घ्या म्हणतो."

"होय."

"हबीब, तीस वर्षं माणसं राबवतोय मी. आपल्याच पोटावर पाय देणारा अजून नाय पाहिला. कुणी आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला निघाला, तर मी आधी धोंड्याखाली काय हाय ते बघतो. नव्या गाडीच्या कंपनीच्या एजंटानं काय कबूल केलं तुला?"

"काही नाही."

"जुनीची तारीफ केली असती, तर समजलो असतो. ड्रायव्हर हाय, आपली जागा राखतो. लबाडी खरी, पण सरळ लबाडी."

हबीबला या युक्तिवादात कुठे बोट ठेवावे ते कळेना. निष्कर्ष तेवढा चुकीचा होता. निदान नवी दांडी विलायतेहून मागवावी, चार महिन्यांत येईल, असे त्याने सुचवून पाहिले.

"चार महिने झाकून ठेवायला घेऊ का गाडी? जुनीच घेतली," शेठ म्हणाले. "उद्या सकाळी मुंबई. ताशी साठ मैलांच्या खाली नेऊ नको. तुला चालवायची नसंल तर वाल्मीकचा माणूस हायेच."

वाल्मीकच्या माणसाला हबीब ओळखत होता. घाट उतरताना तो पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करीत असे.

"मी चालवतो," हबीब म्हणाला.

थोड्या वेळाने चतुराबाई ताम्हन घेऊन आल्या. त्यांनी गाडीला हळदकुंकू वाहिले, चाकाजवळ नारळ फोडवला आणि पहिला पेढा हबीबच्या हातावर ठेवला.

"यांचं बोलणं मनावर घेऊ नका, हबीबभाई. तुमची जागा राहिली, हे देवानंच केलं. सकाळपासून जिवाला घोर होता माझ्या."

हबीबने पेढा तोंडात टाकला नाही; हातात तसाच धरला. बाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. गाडीला टप नव्हता, याचे त्यांना भारी अप्रूप वाटत होते.

"उद्या मी पुढं बसले तर चालंल का? इतक्यांदा गेले, पण घाट कधी धड पाहिला नाही."

वळणावर दांडी तुटली, तर पुढच्या आणि मागच्या जागेत काय फरक पडेल, हे हबीबने शांतपणे ताडून पाहिले. फरक पडत नव्हता.

"बसा, बाई," तो म्हणाला. "पुढून चांगला दिसतो."